असे कुठे असते का?

दिवाळी चार-पाच दिवसांवर आली, की आमच्या घरामागच्या अंगणात किल्ला उठू लागतो. दगड, विटा, जुनी पोती, लाल माती आणि पाण्याची एक बादली एवढ्या भांडवलावर दोन दिवसांत तट, बुरूज, भुयार आणि पायथ्याचे गाव तयार होते. वरून अळीव पेरला, की किल्ल्याला हिरवळही फुटते. मग माळ्यावरच्या खोक्यातून मातीची चित्रे खाली येतात. सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, झाडीत वाघ, आणि गावात त्या वाघाहूनही उंच अशी गवळण. या गवळणीच्या उंचीविषयी आजवर कोणी शंका घेतल्याचे मला आठवत नाही.

गेल्या वर्षी मात्र तंटा झाला. धाकट्या नातीने कुठूनसा मिळवलेला एक हिरवा, तीन डोळ्यांचा प्लास्टिकचा प्राणी आणून बालेकिल्ल्याच्या खाली उभा केला आणि हा परग्रहावरून आला आहे असे जाहीर केले. थोरला नातू सातवीत आहे. विज्ञानात त्याला बरे गुण मिळतात. तो म्हणाला, "असं कुठं असतं का?" ती म्हणाली, "असतं!" मग 'नसतं' आणि 'असतं' यांची फैर झडू लागली. माझी आत्या ओसरीवर करंज्यांना मुरड घालीत बसली होती. तिचे वय अठ्ठ्याऐंशी. तिने मान वर न करता विचारले, "असेल गं बाई, पण तो खातो काय? राहतो कुठं? आणि त्याची माणसं कोणती?"

नात गप्प झाली. तिने प्राणी उचलला आणि विचार करायला पेरूच्या झाडाखाली जाऊन बसली. तंटा तेवढ्यापुरता मिटला. पण आत्याचे ते तीन प्रश्न माझ्या मनातून जाईनात.

परग्रहवासीयांच्या गोष्टी मी लहानपणापासून वाचत आलो आहे. त्यांतल्या पुष्कळ विसरलो; काही मात्र जुन्या शेजाऱ्यांसारख्या लक्षात राहिल्या आहेत. वास्तविक दोन्ही सारख्याच खोट्या. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणारे सहा हजारांहून अधिक ग्रह शास्त्रज्ञांनी आजवर नोंदले आहेत. पण त्यांतल्या एकावरही कोणी राहत असल्याचा पुरावा अद्याप मिळालेला नाही. म्हणजे आपण वाचलेला प्रत्येक परग्रहवासी हा कोणा ना कोणा लेखकाच्या डोक्यातून निघालेला. मग एक खोटा पटतो आणि दुसरा खोटा पटत नाही, हा भेद आपण कशाच्या जोरावर करतो?

'पटणे' हा आपल्या भाषेतला मोठा लबाड शब्द आहे. 'मला त्याचे म्हणणे पटते' यातले पटणे वेगळे आणि 'माझे त्याच्याशी पटते' यातले वेगळे. पहिले बुद्धीचे, दुसरे जिव्हाळ्याचे. परंतु एकच शब्द दोन्ही घरी राबत असल्यामुळे आपली नकळत गफलत होते. ज्याच्याशी आपले पटत नाही, तो आपल्याला हळूहळू पटेनासाच होतो. असा माणूस असूच कसा शकतो, असे वाटू लागते. परग्रहवासीयांच्या गोष्टींत ही गफलत झाली तर एक पुस्तक फसते. माणसांच्या बाबतीत ती झाली तर काय होते, ते पुढे येईलच.

कोणी म्हणेल, आपल्याकडे अद्भुताचा का तोटा आहे? दहा तोंडांचा रावण आपण मुकाट्याने मानला. मग तीन डोळ्यांच्या पाहुण्यालाच एवढी उलटतपासणी कशासाठी? याचे उत्तर युवनाश्व राजाच्या गोष्टीत सापडते. महाभारताच्या वनपर्वात ती आहे. राणीला पुत्र व्हावा म्हणून ऋषींनी मंत्रून ठेवलेले पाणी तहानेने कासावीस झालेला राजा रात्री स्वतःच पितो. त्याला गर्भ राहतो आणि त्याची कूस भेदून मांधाता जन्माला येतो. हे ऐकताना आपण अडखळत नाही, कारण हा चमत्कार आहे आणि चमत्कार एकदाच होतो. युवनाश्वाच्या राज्यातल्या इतर पुरुषांच्या आयुष्यात त्याने काडीचाही फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी दरबार पूर्वीसारखाच भरतो.

विज्ञानकथेतल्या परक्याला ही सवलत नाही. त्याच्याकडे जे नवल आहे ते घरोघरी आणि रोज घडायचे असते. चमत्कार एकदा होतो. रीत रोज चालते. आणि रीत म्हटली, की आत्याचे प्रश्न आलेच.

हे प्रश्न चंद्राला फार पूर्वी विचारणाऱ्यांत योहानेस केपलर हा एक. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा हाच तो जर्मन ज्योतिर्विद. 'सोम्नियम', म्हणजे 'स्वप्न', या नावाचे त्याचे पुस्तक तो वारल्यावर चार वर्षांनी, १६३४ साली, त्याच्या मुलाने प्रसिद्ध केले. चंद्रावर माणसांसारखी माणसे बसवून केपलर मोकळा झाला असता तर कोणी त्याला जाब विचारणार नव्हते. पण तो ठरला गणिती. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा आणि रात्रही तेवढीच, हे त्याला ठाऊक होते. मग एवढे ऊन सोसणारा जीव कसा असेल? तो गुहांत किंवा खोल पाण्यात आसरा घेईल; सावलीमागे धावायचे तर कोणाला लांब पाय हवेत, कोणाला पंख. असे एकेक अंग केपलरने त्या जागेच्या हवापाण्यातून काढले. चंद्रावर कोणी नाही हे आज आपण जाणतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान ३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात उतरले, तेव्हा त्याच्या स्वागताला धूळ तेवढी होती. तरीही केपलरचे ते चंद्रवासी मला थापाड्याचे वाटत नाहीत. त्याचे उत्तर चुकले. विचारण्याची पद्धत चुकली नाही.

शरीराच्या बाबतीत निसर्ग फार कडक हिशेबनीस आहे. जे. बी. एस. हॉल्डेन हे जीवशास्त्रज्ञ १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांनी १९२६ साली प्राण्यांच्या आकारमानावर एक छोटासा निबंध लिहिला. त्यातला हिशेब शाळकरी मुलालाही समजावा. माणूस आहे तसाच दहापट उंच करा. त्याची रुंदी दहापट होईल, जाडीही दहापट होईल. म्हणजे वजन हजारपट झाले. पण हाडाची ताकद त्याच्या छेदावर अवलंबून, आणि तो छेद वाढला शंभरपटच. म्हणजे हाडाच्या प्रत्येक बोटभर भागावर दहापट भार आला. असा राक्षस उठून पहिले पाऊल टाकील आणि मांडीचे हाड मोडून खाली बसेल. आमच्या किल्ल्यातली गवळण खरीच वाघाहून मोठी झाली तर तिला पाय खांबासारखे लागतील, आणि मग डोक्यावरच्या त्या घागरीची शोभा राहणार नाही.

हा हिशेब मनापासून मानून ज्याने एक अख्खे जग रचले, तो हाल क्लेमेंट हा अमेरिकन लेखक पेशाने शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर होता. त्याची 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' ही कादंबरी १९५३ साली मासिकातून क्रमशः आली आणि १९५४ साली तिचे पुस्तक झाले. तिच्यातला मेस्क्लिन हा ग्रह इतक्या वेगाने स्वतःभोवती फिरतो की त्याचा दिवस अठरा मिनिटांतच संपतो. या फिरण्यामुळे तो दाबलेल्या पेढ्यासारखा चपटा झाला आहे. विषुववृत्तावर तिथले वजन आपल्या तिप्पट, आणि ध्रुवाकडे जावे तसे ते वाढत वाढत सातशेपटींच्या घरात जाते. पुढे इतरांनी हा हिशेब पुन्हा करून पाहिला तेव्हा ध्रुवावरचा आकडा बराच कमी निघाला. पण मास्तरांच्या गणितातली चूक काढावी असे वाचकांना वाटणे हाही एक मानच.

त्या जगात राहतात जेमतेम सव्वा फूट लांबीचे, पुष्कळ पायांचे, जमिनीला चिकटून चालणारे जीव. इथवर झाले शरीर. पण क्लेमेंट तिथे थांबला नाही. त्याने आत्याच्या तीन प्रश्नांत चौथ्याची भर घातली : हे लोक भितात कशाला? जिथे वीतभर उंचीवरून पडणे म्हणजे मरण, तिथे उंचीइतके भयंकर दुसरे काय असणार? म्हणून मेस्क्लिनच्या लोकांना उडी मारणे ठाऊक नाही, वस्तू फेकणे सुचत नाही, डोक्यावर छप्पर असणे हा विचारच त्यांना सोसत नाही. आपल्या दृष्टीने हे भित्रेपण. त्यांच्या दृष्टीने ते शहाणपण. त्यांचा कप्तान बार्लेनन मोठा धूर्त व्यापारी आहे. माणसांचे अडकलेले यान शोधून देण्याचे काम तो पत्करतो, आणि काम अगदी हातातोंडाशी आल्यावर खरी किंमत सांगतो : आम्हांला तुमचे विज्ञान शिकवा. वाचताना मी मनात त्याची पाठ थोपटली होती. ते अंगभर पाय मी केव्हाच विसरलो होतो. ज्याची भीती कळली, तो परका राहत नाही.

परंतु भीती कळली, पाय विसरलो, आणि सगळे गोड झाले, एवढ्यावर हा प्रश्न सुटता तर बरे होते. कारण परक्याच्या शरीरापेक्षा त्याचा समाज पटणे अवघड. एच. जी. वेल्स यांनी १९०१ साली चंद्रावर दोन माणसे पाठवली. त्यासाठी गुरुत्वाकर्षण अडवणारी एक धातू कल्पिली. ज्यूल व्हर्नने पुढे एका मुलाखतीत तक्रार केली, की मी आपल्या प्रवाशांना तोफेतून उडवतो, हे गृहस्थ मात्र धातूच शोधून काढतात. ती धातू दाखवा म्हणावे. तक्रार रास्त होती. पण आज ती धातू कोणाला आठवते? आठवतो तो चंद्राच्या पोटात भरलेला मुंग्यांसारखा समाज. तिथे प्रत्येकजण एकाच कामासाठी घडवलेला असतो. हिशेबनिसाचे डोके अवाढव्य आणि हातपाय काडीसारखे. निरोप्याचे पायच पाय. काव्हर हा पृथ्वीवरचा शास्त्रज्ञ तिथे एके ठिकाणी बरण्यांत कोंबलेली लहान मुले पाहतो. बरणीबाहेर फक्त हात राहू दिलेला असतो. हाताला खुराक, बाकीचे अंग दाबलेले. मोठेपणी त्यांनी यंत्रे चालवायची असतात.

काव्हरच्या अंगावर काटा येतो, आपल्याही येतो. इथे दुसरा लेखक असता तर त्याने या चंद्रवासीयांना राक्षस ठरवून त्यांच्या संहाराची तयारी केली असती. वेल्स मात्र काव्हरकडून एक विचित्र गोष्ट वदवतात. त्याला वाटते, की आपण मुलांना आधी माणसे म्हणून वाढू देतो आणि मग त्यांची यंत्रे करतो; त्यापेक्षा हे कदाचित कमी क्रूर असेल. लंडनच्या गिरण्या-कारखान्यांच्या काळात लिहिलेले हे वाक्य वाचकाला चंद्रावरून उचलून थेट स्वतःच्या गल्लीत आणून सोडते. बरणीतला तो हात मला मान्य होत नाही, कधीच होणार नाही. पण तो समाज पटतो. कारण त्याला त्याची कारणे आहेत, आणि त्या कारणांचे आपल्या कारणांशी फार जवळचे नाते आहे.

पुढे चंद्राचा अधिपती काव्हरला पृथ्वीविषयी विचारू लागतो. तळ्याकाठचा यक्ष धर्मराजाला विचारतो तसाच हा प्रसंग आहे. फरक एवढाच की इथे उत्तर देणारा धर्मराज नव्हे. काव्हर भाबडेपणाने आपल्याकडच्या युद्धांचे वर्णन करतो. अधिपतीला ते खरेच वाटत नाही. तो तपशील मागतो, पुन्हा पुन्हा विचारतो. माणसे जमून एकमेकांना मारतात, आणि वर त्याचा अभिमान बाळगतात? असे कुठे असते का? आमच्या नातवाचा प्रश्न चंद्रावरून आपल्याकडे वळलेला पाहून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. परका पटतो की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपलाच, असे आपण धरून चाललेलो असतो. आपण त्याला पटतो का, हे विचारायचे राहूनच जाते.

अमेरिकेच्या अर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी १९६९ सालची. गेथेन या बर्फाळ ग्रहावरची माणसे बहुतेक दिवस ना स्त्री असतात ना पुरुष. महिन्यातून काही दिवस त्यांच्यात बदल होतो, आणि तोही कोणाला कुठे नेईल हे आधी सांगता येत नाही. एकच व्यक्ती काही मुलांची आई असते आणि काहींचा बाप. तिथला राजाही गरोदर राहतो. युवनाश्वाची आठवण होते, पण इथे ती गोष्ट रीत आहे. म्हणून तिने सारा समाज बदलला आहे. बाळंतपण कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, तेव्हा 'हे बायकांचे काम' असे म्हणायला तिथे कोणी उरत नाही.

या जगात पृथ्वीचा एक दूत जातो. माणूस चांगला आहे, शिकलेला आहे. पण एस्ट्रावेन नावाचा जो गृहस्थ त्याच्यासाठी देशोधडीला लागतो, त्याच्यावरच त्याचा विश्वास बसत नाही. कारण काय, तर या गृहस्थाच्या वागण्यात त्याला मधूनच बाईपणा दिसतो. शेकडो मैलांच्या बर्फावरून दोघे एकच गाडी ओढत, एकाच तंबूत राहत जातात, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडतात. एस्ट्रावेन अनाकलनीय नव्हताच. दूतानेच बघायचे नाकारले होते.

ले ग्विन यांनी या सर्वांसाठी इंग्रजीतले पुरुषवाचक सर्वनाम वापरले. त्यावर टीका झाली आणि पुढे त्यांनी स्वतःही ती मानली. हे वाचून मला आपल्या मराठीची गंमत वाटली. आपल्याकडे नुसत्या सर्वनामावर भागत नाही. गेला, गेली, गेले असे क्रियापदही दर वाक्यात कबुलीजबाब मागते. पण आपल्याकडे तिसरे लिंग आहे, आणि ते आपण कोणाला देतो? मुलाला. मूल रडते, लेकरू झोपले. ते मोठे होऊन 'तो' किंवा 'ती' होईपर्यंत आपण त्याला मोकळे ठेवतो. ज्या भाषेत मायेची माणसे नपुंसकलिंगात बोलावली जातात आणि ज्या देवळांत अर्धनारीश्वर उभा असतो, तिथल्या वाचकाला गेथेनचे लोक इतके परके वाटू नयेत.

ले ग्विन ज्या घरात वाढल्या ते घर मानवशास्त्रज्ञाचे होते, आणि इथे ही हकीकत कल्पनेतून वास्तवात येते. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांचा अभ्यास करीत. ऑगस्ट १९११ मध्ये तिथल्या ओरोव्हिल गावाबाहेरच्या कत्तलखान्यापाशी भुकेने खंगलेला एक माणूस सापडला. तो याही जमातीचा. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणि रोगराईने त्या जमातीचा फडशा पाडला होता. उरलेले मूठभर लोक वर्षानुवर्षे डोंगरांत लपून राहिले, आणि एकामागून एक जाता जाता हा शेवटचा उरला. त्याची भाषा कोणाला येत नव्हती. गावच्या अंमलदाराला त्याला तुरुंगात ठेवण्यापलीकडे काही सुचले नाही. वर्तमानपत्रांनी त्याला रानटी माणूस म्हटले. पुढे क्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणले. तिथे रविवारी लोक गर्दी करून यायचे आणि तो त्यांना बाणाची टोके घडवून दाखवायचा.

त्याचे नाव काय, असे सर्वांनी विचारले. त्याने सांगितले नाही. त्याच्या जमातीत स्वतःचे नाव स्वतः उच्चारायचे नसते. ते दुसऱ्याने सांगायचे, आणि सांगणारे तर कोणी उरले नव्हते. म्हणून क्रोबर यांनी त्याला 'ईशी' म्हटले. त्याच्या भाषेत ईशी म्हणजे माणूस.

आपले नाव न सांगणारा माणूस! असे कुठे असते का? पण माझी आत्या आजही यजमानांचे नाव उखाण्याशिवाय घेत नाही. त्यांना जाऊन वीस वर्षे झाली. बँकेत कोणी पतीचे नाव विचारले, की ती माझ्याकडे बघते आणि मी ते सांगतो. उद्या तिच्याजवळ मी नसलो, दुसरे कोणीच नसले, तर त्या खिडकीशी ती ईशीसारखीच उभी राहील; आणि पलीकडचा माणूस समजेल, की म्हातारीला काही कळत नाही.

ईशी १९१६ साली क्षयाने वारला. त्याच्या देहाची चिरफाड होऊ नये असे क्रोबर यांनी लिहून कळवले होते. पण पत्र पोहोचण्याआधीच ती झाली होती. आणि पुढे खुद्द क्रोबर यांनीच त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे पाठवून दिला. ईशीच्या नात्यातल्या जमातींना तो परत मिळायला २००० साल उजाडले. ज्याने त्याला 'माणूस' म्हटले, त्याचाच हात अखेरीस चुकला. हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. परक्याला समजून घेणे एकदा करून संपत नाही, ते रोज नव्याने करावे लागते, एवढेच मला यातून दिसते. तीही रीतच, चमत्कार नव्हे.

वेल्स यांना याची जाण होती. मंगळावरचे लोक पृथ्वीवर स्वारी करतात ती 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही त्यांची कादंबरी १८९८ सालची. तिच्या पहिल्याच प्रकरणात ते वाचकाला टास्मानियातल्या मूळ रहिवाशांची आठवण देतात. युरोपियनांनी पन्नास वर्षांत त्यांचा नायनाट केला. मग मंगळवासीयांच्या क्रौर्याबद्दल आपण कोणत्या तोंडाने ओरडावे? ती जमात समूळ गेली असे वेल्स धरून चालले होते. तसे झाले नव्हते. तिचे वंशज आजही आहेत आणि आम्ही आहोत हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले आहे. कणव असलेल्या लेखकानेही ज्यांना इतिहासात जमा करून टाकले, ते जिवंत निघाले.

आता एक आक्षेप राहतो, आणि तो खोडून काढण्याजोगा हलका नाही. प्रत्येक रीतीला कारण असते असे म्हटले, की सगळेच माफ झाले का? बरणीतली मुलेही? मला वाटते, आपल्या त्या लबाड शब्दाची फोड इथे उपयोगी पडते. दुसऱ्याचे कारण मला पटणे आणि माझे त्याच्याशी पटणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर राखणे म्हणजेच नीती. कारण समजल्याशिवाय केलेला निषेध हा बहुधा नुसता किळस असतो. कारण समजल्यावरही जो निषेध टिकतो, तोच खरा. शिवाय तो आपल्याही अंगणात येऊन उभा राहतो, कारण ती कारणे आपल्याही घरी सापडतात. जन्मतःच दुष्ट असलेल्या परग्रहवासीयांच्या गोष्टी म्हणूनच मला फसव्या वाटतात. त्यांना भूक नसते, मुले नसतात, भीती नसते. त्यांना मारताना वाचकाच्या मनाला कुठेही टोचू नये, एवढ्यासाठीच ते घडवलेले असतात. मग टोचून न घेण्याची ती सवय पुस्तकाबरोबर मिटत नाही.

आणि कारण समजलेच नाही तर? पोलिश लेखक स्तानिस्वाफ लेम यांची 'सोलारिस' (१९६१) या प्रश्नाशी येऊन थांबते. एका ग्रहावर अफाट समुद्र आहे आणि तो समुद्रच एक जीव आहे. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याचा अभ्यास केला, ग्रंथालये भरली. पण आत्याच्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. त्याची माणसे कोणती? तो एकटाच आहे. समजेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याच्यावर क्ष-किरणांचा मारा करून पाहिला. न कळलेल्या गोष्टीवर हात उगारणे, हीही आपली जुनी रीत. लेम समुद्राचे कोडे अखेरपर्यंत सोडवत नाहीत, आणि तरीही तो समुद्र पटतो. कदाचित सर्वांत जास्त पटतो. खरा परका भेटलाच तर तो असाच असेल. त्याच्याविषयी आपल्याला एवढेच करता येईल, की उत्तर मिळाले नाही म्हणून प्रश्न सोडायचा नाही, आणि हात उगारायचा नाही.

पहिल्या दिव्याच्या संध्याकाळी नात पेरूच्या झाडाखालून आपले उत्तर घेऊन आली. प्राणी उजेड खातो, असे तिने सांगितले. त्याला किल्ल्याच्या पायथ्याशी, पणतीजवळ जागा मिळाली. आत्याने मान डोलावली. "त्याची माणसं?" "ती वाट बघतायत," नात म्हणाली. आत्या काही बोलली नाही. तिने पणतीत आणखी थोडे तेल घातले.

थोरला जवळच उभा होता. मला वाटले, आता हा पुन्हा म्हणणार, असं कुठं असतं का? तो उकिडवा बसला आणि बराच वेळ त्या हिरव्या प्राण्याकडे बघत राहिला. मग त्याने बहिणीला विचारले, "आणि पणती विझली तर तो रात्रभर काय करतो?"